रुईची म्हातारी आणि सुरणाची खळ

१९४४ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील कित्येक शाळांची मुले, हजेरी झाल्यावर, आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली वर्गाबाहेर पडत, रस्त्याकडेच्या पडीक जमिनींत आणि रेल्वेच्या रुळांलगतच्या रानांत शिरत, आणि ज्या झुडपाला शेतकरी आजवर निव्वळ तण म्हणून उपटून टाकीत आला होता त्याची हिरवट-करडी बोंडे तोडून कांद्याच्या जाळीदार गोण्यांत भरीत. या झुडपाला तिकडे मिल्कवीड म्हणतात. मराठी वाचकाला ते अगदीच परके वाटण्याचे कारण नाही. कारण गावकुसाबाहेर वाढणारी आणि जिच्या पानांची माळ दर शनिवारी मारुतीच्या गळ्यात पडते ती आपली रुई त्याच वनस्पतिकुळातली आहे. पान मोडले की दोन्हींतून पांढरा चीक निथळतो. बोंड उकलले की दोन्हींतून रेशमासारख्या तंतूंचा झुबका डोक्यावर घेऊन बी वाऱ्यावर निघते, आणि त्यालाच 'म्हातारी' म्हणत आपली मुले फुंकर घालीत त्याच्यामागे धावतात. त्या वर्षी अमेरिकेतील मुलांना मात्र ताकीद अशी होती, की म्हातारी उडण्याच्या आतच बोंड हाती आले पाहिजे. एखादे बोंड शिवणीवर दाबून उघडावे, आतले बी तपकिरी झाले आहे की अजून पांढरेच आहे ते पाहावे, तपकिरी असेल तरच त्या रानातली तोड सुरू करावी, आणि भरलेल्या गोण्या काही आठवडे कुंपणाच्या तारेवर वाळत टांगून ठेवाव्यात, असा तो जाबता होता. गोणीमागे पंधरा-वीस सेंट मिळत. पण मुलांच्या तोंडी जो हिशेब बसला होता तो पैशांचा नव्हता. दोन गोण्यांना एक जीव, असा तो हिशेब होता.

हा हिशेब अक्षरशः खरा होता. बुडत्या जहाजावरील खलाशाला किंवा समुद्रात कोसळलेल्या वैमानिकाला तरंगते ठेवणाऱ्या जाकिटांत जो कापूस भरीत तो पांढऱ्या सावरीचा, आणि त्याचा मुख्य पुरवठा जावा बेटातून होत असे. १९४२ च्या मार्चमध्ये जपानने जावा घेतल्याबरोबर तो पुरवठा थांबला. तेव्हा शिकागोचे डॉ. बोरिस बर्कमन, जे या तणाच्या उपयोगाविषयी पूर्वीपासून खटपट करीत होते, त्यांच्या म्हणण्याकडे सरकारचे लक्ष गेले. मिल्कवीडचा तंतू आतून पोकळ असतो आणि बाहेरून त्यावर निसर्गानेच मेणाचा हात फिरवलेला असतो, त्यामुळे पाणी त्यात सहसा शिरत नाही. मिशिगनमधील पेटोस्की गावी बोंडे वाळवून तंतू वेगळा करण्याचा कारखाना उभा राहिला. परंतु या झुडपाची शेती कोणी केलेली नव्हती, ते वाटेल तेथे उगवलेले होते, आणि अशा विखुरलेल्या पिकाची तोड करण्यास लागणारे असंख्य मोकळे हात त्या देशात त्या घडीला एकाच ठिकाणी शिल्लक होते: शाळेत.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय हे हात आहेत. दुसऱ्या महायुद्धात माध्यमिक शाळांतील मुलामुलींनी रणांगणापासून दूर, आपापल्या गावी राहून, जे काम केले त्याची ही हकिकत आहे. आणि प्रस्तावनेच्या निमित्ताने तिच्याविषयी चार शब्द लिहिताना मी आरंभीच रुईच्या बोंडाजवळ रेंगाळलो याचे कारण हे, की या सगळ्या पसाऱ्यात मला तेच काम सर्वांत निर्मळ वाटते. त्यात मुलाच्या बोटांपासून खलाशाच्या छातीपर्यंतची वाट सरळ आहे. पुढे जी कामे येतील त्या सर्वांविषयी असे म्हणता येणार नाही.

७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर बाँब पडले आणि त्यानंतर काही महिन्यांतच अमेरिकन सरकारच्या ध्यानात आले, की देशातील प्रत्येक घराशी रोजच्या रोज संबंध असलेली, जिच्या हजेरीपटावर गावाची सगळी पोरे नोंदलेली आहेत, अशी एकच संस्था आपल्यापाशी आहे. कलेक्टरकचेरी गावापर्यंत पोचत नाही, पलटण तर नाहीच नाही, शाळा पोचते. म्हणून १९४२ च्या मे महिन्यात साखरेचे रेशनिंग सुरू झाले तेव्हा कोट्यवधी लोकांची नोंद करून त्यांना रेशनची पुस्तके वाटण्याचे काम शाळांच्या इमारतींत आणि शिक्षकांच्या हातून पार पडले. त्याच उन्हाळ्यात रबर गोळा करण्याची मोहीम निघाली. मलाया आणि जावा दोन्ही हातचे गेल्याने रबराचा दुष्काळ पडला होता. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी रेडिओवरून आवाहन केले आणि पौंडाला एक सेंट या दराने पेट्रोलपंपांवर रबर घेण्याची तजवीज झाली. मुलांनी हातगाड्या काढल्या आणि घरोघर जाऊन झिजलेले टायर, बागेतल्या नळ्या, पावसाळी बूट, गरम पाण्याच्या पिशव्या असे जे मिळाले ते ओढून आणले. सुमारे साडेचार लाख टन रबर चार आठवड्यांच्या आत जमा झाले. त्यापाठोपाठ मोडीच्या लोखंडाची पाळी आली. नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहराच्या एका वृत्तपत्राने उन्हाळ्यात गावागावांत चुरस लावून जी युक्ती यशस्वी केली तीच शरदात देशभर चालवली गेली, आणि शाळांच्या पटांगणांवर तव्यांचे, नांगरांच्या फाळांचे, पलंगांच्या सांगाड्यांचे डोंगर उभे राहिले.

युद्धनिधीच्या तिकिटांविषयी थोडक्यात सांगतो. दहा आणि पंचवीस सेंटांची तिकिटे शाळेतच विकत मिळत. पंचवीस सेंटांची पंच्याहत्तर तिकिटे वहीत चिकटली की पावणेएकोणीस डॉलर होत, त्या वहीच्या मोबदल्यात रोखा मिळे, आणि तो रोखा दहा वर्षांनी पंचवीस डॉलरला वठे. व्याजाचे गणित मुलांना इतक्या गोडीने पूर्वी कोणी शिकवले नसेल. शाळेने किती जीपगाड्यांइतका निधी उभा केला याचे फलक दारात लागत, आणि नव्वद टक्के विद्यार्थी तिकिटे घेत असतील तर शाळेला फडकवायला खास निशाण मिळे. उरलेल्या दहा टक्क्यांत ज्यांच्या घरी दहा सेंटांचीही ओढाताण होती अशी मुले असणार, आणि निशाण आपल्यामुळे अडले आहे हे त्यांना रोज सकाळी कळत असणार. या मुलांची नोंद कोणत्याही अहवालात नाही. तीही या विषयाचाच भाग आहेत असे मला वाटते.

विमानांच्या प्रतिकृतींचे काम मात्र जवळून पाहण्यासारखे आहे. १९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या नौदलाने शाळांकडे पाच लाख लाकडी विमाने मागितली: पन्नास प्रकारची, प्रत्येक प्रकारची दहा हजार. त्यांत स्वकीयांची होती तशी जर्मन, इटालियन आणि जपानीही होती. प्रमाण एकास बहात्तर ठरलेले, म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट ते लाकडातला एक इंच. हे प्रमाण कोणाच्या लहरीने ठरले नव्हते. पस्तीस फुटांवरून अशी प्रतिकृती पाहिली तर ती अडीच हजार फुटांवरच्या, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मैलावरच्या, खऱ्या विमानाएवढी दिसते. आणि तोफेच्या वर्तुळाकार नेमदर्शीतून तेवढ्या अंतरावर दिसणारे विमान आपले की शत्रूचे हे क्षणात ओळखायला तोफचीला शिकवायचे होते. विमानाच्या अंगावरील चिन्हे एवढ्या लांबून दिसत नाहीत, दिसते ती फक्त काळी आकृती. म्हणून या प्रतिकृतींना काळाच रंग द्यायचा असे. पंखाचा कोन किंचित चुकला, शेपटीची गोलाई थोडी अधिक घासली गेली, तर तोफची चुकीचा धडा शिकणार आणि आपल्याच माणसाला पाडणार. म्हणून प्रत्येक नमुना पुठ्ठ्याच्या साच्यांना लावून तपासला जाई, आणि न जुळला तर परत येई. सुतारकामाच्या तासाला आजवर पुस्तकांची फळी नाहीतर टोपीची खुंटी करणाऱ्या मुलाला आपल्या पटाशीच्या टोकावर कोणाचा तरी प्राण आहे ही जाणीव वयाच्या पंधराव्या वर्षी झाली. या जाणिवेने त्याचा हात थरथरला असेल तितकाच तो स्थिरही झाला असेल. चांगली प्रतिकृती करणाऱ्याला नौदलाकडून मानाच्या हुद्द्याचे प्रशस्तिपत्र मिळे. ते चौकटीत बसवून भिंतीवर लावलेले असे.

१९४२ च्या सप्टेंबरात शिक्षणखात्याने या सर्व धडपडीला एका संघटनेचे रूप दिले आणि माध्यमिक शाळांसाठी 'हायस्कूल व्हिक्टरी कोअर' स्थापन केले. शिक्षण आयुक्त जॉन स्टुडबेकर यांची ही योजना होती, आणि तिच्या धोरणसमितीचे अध्यक्षपद पहिल्या महायुद्धातील विख्यात वैमानिक एडी रिकनबॅकर यांच्याकडे होते. हवाई, भू, सागरी, उत्पादन आणि समाजसेवा अशा पाच शाखा, डोक्यावर टोपी, टोपीवर बिल्ला, गणिताच्या तासाला विमानविद्या आणि मधल्या सुट्टीत कवायत असा तिचा थाट होता. १९४४ मध्ये ती गुंडाळली गेली. बोंडे तोडणारी आणि लाकूड तासणारी मुले बिल्ल्यासाठी खोळंबून राहिली नव्हती, त्यामुळे ती संपली तरी त्यांचे काम थांबले नाही.

१९४२ च्या याच सप्टेंबरविषयी मराठी वाचकाला काही सांगितल्याखेरीज पुढे जाणे मला शक्य नाही. वॉशिंग्टनमध्ये विद्यार्थ्यांच्या छातीवर विजयाचे बिल्ले लावण्याची योजना जाहीर झाली त्याच महिन्यात, ९ तारखेला, खानदेशात नंदुरबारच्या रस्त्यावर तिरंगा हातात धरून मिरवणुकीत निघालेला शिरीषकुमार, वयाची सोळा वर्षे पुरी न झालेला शाळकरी मुलगा, पोलिसांच्या गोळ्यांनी आपल्या चार सोबत्यांसह धारातीर्थी पडला. गवालिया टँकवरील 'चले जाव'च्या ठरावाला तेव्हा एक महिना झाला होता. ज्या युद्धात अमेरिकेतील मुलाने देशाला मदत करावी म्हणून शाळा त्याच्यासाठी घंटेची वेळ बदलत होती, त्याच युद्धात त्याच दोस्तांच्या बाजूने असलेल्या सरकारने आमच्या मुलावर बंदूक चालवली, कारण आमच्या मुलाची लढाई वेगळी होती आणि त्याचे घर अजून त्याच्या मालकीचे झालेले नव्हते. म्हणून घरआघाडी, म्हणजे 'होम फ्रंट', हा शब्द मराठीत उच्चारताना आपल्याला थोडे थांबावे लागते. आधी घर कोणाचे, हे विचारावे लागते.

हाच प्रश्न अमेरिकेतही काही मुलांपुढे उभा होता. १९ फेब्रुवारी १९४२ च्या फर्मानान्वये पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडून काटेरी तारांआडच्या छावण्यांत जावे लागले, आणि त्यांतील दोन-तृतीयांश लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. त्या छावण्यांत शाळा होत्या, शाळांत माध्यमिक वर्ग होते, आणि तेथील मुले रोज सकाळी निशाणासमोर उभी राहून इतर अमेरिकन मुलांसारखीच निष्ठेची प्रतिज्ञा म्हणत. १९४२ च्या शरदात मजुरांअभावी आयडाहो आणि मोंटाना भागांतील बीटसाखरेचे पीक शेतात कुजू लागले, तेव्हा याच छावण्यांतून हजारो लोक काढणीला गेले आणि ते पीक त्यांनी वाचवले. युद्धकार्याला हातभार लावण्याची मुभा त्यांना मिळाली. घरी परतण्याची मिळाली नाही.

शाळेलाही या सर्वाची किंमत मोजावी लागली. युद्धापूर्वी अमेरिकेच्या माध्यमिक शाळांत साठ लाखांहून अधिक विद्यार्थी होते. १९४४ पर्यंत त्यांत सुमारे दहा लाखांची तूट आली. काही सैन्यात गेले, पण पुष्कळसे कारखान्यांत, गोदामांत आणि उपाहारगृहांत गेले, कारण मजुरी चढली होती आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोरालाही सहज काम मिळत होते. बालमजुरीला आळा घालणारा १९३८ चा कायदा होऊन जेमतेम चार वर्षे लोटली होती, आणि इतक्यातच राज्याराज्यांतून वयाच्या आणि तासांच्या अटी सैल होऊ लागल्या. शेवटी सरकारच्याच बालकल्याण आणि शिक्षण या दोन खात्यांना 'शाळेत परत चला' अशी मोहीम काढावी लागली. एका हाताने मुलांना वर्गाबाहेर बोलवायचे आणि दुसऱ्या हाताने आत ओढायचे, अशी ही सरकारची अवस्था झाली होती.

आता समुद्राच्या पलीकडे पाहू. जपानमध्ये माध्यमिक विद्यार्थ्यांना कामाला जुंपण्याचा प्रघात १९३८ पासून होता, पण तो हंगामापुरता. १९४४ च्या मार्चमध्ये तो वर्षभराचा झाला, आणि १९४५ च्या एप्रिलपासून प्राथमिक वर्ग वगळता सर्व शाळांचे अध्यापन एका वर्षासाठी बंद ठेवण्याचा निर्णय झाला. अमेरिकेत शाळा युद्धाला मदत करीत होती. येथे शाळेत फक्त हजेरी उरली आणि तीही कारखान्याच्या दारात होऊ लागली. युद्ध संपेपर्यंत असे सुमारे चौतीस लाख विद्यार्थी कामावर होते, आणि त्यांतील दहा हजारांहून अधिक मेले. हिरोशिमात ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता शहराच्या मध्यभागी, आग पसरू नये म्हणून पाडायला घेतलेल्या घरांची कौले आणि वासे वाहून नेण्यासाठी, बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींचे वर्गच्या वर्ग उघड्यावर उभे होते. त्या शहरात त्या कामावर नेमलेल्या आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांपैकी सुमारे सहा हजार मेले. यावर मी काही भाष्य करू शकत नाही.

ज्या कामाकडे मला वाचकाचे लक्ष वेधायचे आहे ते याहून शांत, छपराखालचे, जवळजवळ घरगुती म्हणावे असे होते. १९४४ च्या हिवाळ्यात जपानच्या अनेक भागांतील मुलींच्या शाळांमध्ये कागद चिकटवण्याचे काम आले. तुतीच्या कुळातील एका झाडाच्या सालीपासून हाताने केलेला चिवट, पातळ कागद. त्याचे थर एकावर एक डकवून ताव करायचे, ते वाळवायचे, उजेडासमोर धरून कोठे बुडबुडा किंवा छिद्र राहिले आहे का ते पाहायचे, आणि अशा सुमारे सहाशे तुकड्यांतून दहा मीटर व्यासाचा एक फुगा जुळवायचा. चिकटवण्यासाठी जी खळ वापरीत ती कोन्याकू नावाच्या कंदाची. हा कंद म्हणजे आपल्या सुरणाचा अगदी सख्खा भाऊबंद. नखे कापलेली असावीत, केसांत पिना नसाव्यात, कारण एका ओरखड्याने ताव वाया जाईल. कामाची वाच्यता करायची नाही, असा सक्त हुकूम होता. कोकुराच्या शस्त्रागारात मुलींनी बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या. थंडीत ओल्या खळीत हात घालून त्यांची बोटे सोलवटून निघत, आणि पोटात भूक इतकी असे की नजर चुकवून त्या ती खळच खात. पुरे झालेले फुगे फुगवून पाहायला एवढ्या उंच छताची जागा लागे, की टोकियोत त्यासाठी नाटकगृह आणि कुस्तीचा आखाडा वापरावा लागला.

खळीचा हा उल्लेख मी करतो आहे त्याला एक खाजगी कारण आहे. १९७१ च्या डिसेंबरात मी सातवीत होतो. संध्याकाळ झाली की मुंबईवर काळोख पडे, मोटारींच्या दिव्यांवर काळा रंग फासलेला असे, आणि आमच्या चाळीतील प्रत्येक खिडकीच्या काचेवर आतून काळा कागद डकवण्याचे काम आम्हा मुलांकडे आले होते. आईने कणकेची खळ शिजवून पितळेच्या पातेलीत दिली होती. ती कोमट असताना बोटांना बरी लागे, गार झाली की चिकट होऊन नखांत बसे. पाकिस्तानशी झालेले तेरा दिवसांचे ते युद्ध होते, आणि आम्ही कागद लावला नाही तर विमान नेमके आमच्याच चाळीवर येईल असे आम्हांला मनापासून वाटत होते. त्या खळीने आम्ही कोणाचे वाईट केले नाही. पण कोकुराच्या मुलींची हकिकत मी प्रथम वाचली तेव्हा मला त्यांच्या वयापेक्षा, देशापेक्षा आधी आठवली ती नखांतली खळ. आणि माझ्या आईच्या जागी दुसऱ्या कोणी दुसऱ्या कामासाठी ती पातेली पुढे केली असती तर तीही मी तितक्याच उत्साहाने घेतली असती, याविषयी मला शंका राहिली नाही.

त्या फुग्यांत हायड्रोजन भरीत आणि खाली बाँब टांगीत. पॅसिफिकवरून तीस हजार फुटांच्या उंचीने हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जो वेगवान वायुप्रवाह आहे, त्याच्यावर ते अमेरिकेपर्यंत तरंगत जावेत आणि तेथील अरण्यांना आगी लागाव्यात अशी ती कल्पना. नोव्हेंबर १९४४ ते एप्रिल १९४५ या मुदतीत नऊ हजारांहून अधिक फुगे सोडण्यात आले. उत्तर अमेरिकेत सुमारे तीनशेंचा माग लागला. लष्करी दृष्टीने तो उद्योग फसला. शत्रूला आपला नेम कळू नये म्हणून अमेरिकन सरकारने फुग्यांविषयी काही छापू नये असे वृत्तपत्रांना सांगितले होते, आणि ते सर्वांनी पाळले. त्यामुळे असे काही रानात पडलेले दिसले तर हात लावू नये, हेही कोणाला कळले नाही. ५ मे १९४५ रोजी ऑरेगन राज्यातील ब्लाय या छोट्या गावातून चर्चची मुले वनभोजनाला निघाली. पाद्रीबुवांनी गाडी लावेपर्यंत त्यांची गरोदर पत्नी आणि पाच मुले झाडीत पुढे गेली होती. मुलांना जमिनीवर काहीतरी नवलाचे पडलेले दिसले. स्फोटात ती सहाही माणसे गेली. मुले अकरा ते चौदा वर्षांची होती. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्या संपूर्ण युद्धात शत्रूच्या शस्त्राने झालेले मृत्यू एवढेच.

कागद चिकटवणाऱ्या मुलींचे वय मेलेल्या मुलांच्या वयाहून दोन-चार वर्षांनीच अधिक होते. दोषाची वाटणी करायला मी बसलेलो नाही, आणि करायचीच झाली तर ती त्या मुलींच्या वाट्याला येत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. मिशिगनच्या मुलांनी बोंडे तोडली ती ज्या निष्ठेने, त्याच निष्ठेने या मुलींनी कागद डकवला. फरक त्यांच्या मनात नव्हता. तो त्यांच्या हाती काम देणाऱ्या मोठ्या माणसांच्या मनात होता, आणि त्या निष्ठेचा जाब त्यांनाच विचारला पाहिजे. मुले मागितले ते देतात, बिनतक्रार देतात, पावती मागत नाहीत. म्हणूनच त्यांच्याकडे काय मागावे याचा विचार देणाऱ्याने नव्हे, मागणाऱ्याने करायचा असतो. आणि या पुस्तकात ज्या सरकारांची नावे येतील त्यांपैकी फारच थोड्यांनी तो केलेला आढळेल.

त्या मुलींना आपण काय केले हे कळायला चाळीस वर्षे लागली. युद्धकाळात ब्लायपासून फार दूर नसलेल्या ट्यूली लेकच्या छावणीत ज्याचे शाळकरी वय गेले, अशा एका जपानी वंशाच्या अमेरिकन गृहस्थाच्या मध्यस्थीने त्यांची आणि ब्लायच्या मृतांच्या नातलगांची गाठ पडली. १९८७ साली, पन्नाशी उलटलेल्या त्या बायकांनी कागदाचे एक हजार क्रौंच पक्षी घड्या घालून केले आणि ब्लायच्या मृतांच्या नातलगांकडे पाठवले. पुढे १९९५ साली, स्फोटाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, त्या जागी सहा चेरीची झाडे लावली गेली.

अमेरिकेत काय, जपानात काय, मुलांच्या कामाचा जमाखर्च टनांत, गोण्यांत आणि नगांत त्या-त्या वेळी चोख लिहिला गेला. मुलांनी स्वतः काय पाहिले ते मात्र फार उशिरा, त्यांनी म्हातारपणी सांगितले तेव्हा कळले. आपल्याकडे तेवढेही झालेले नाही. १९६२ च्या हिवाळ्यात, चीनशी युद्ध झाले तेव्हा, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा महाराष्ट्रातल्या शाळांतून मुलींनी जवानांसाठी लोकरीचे स्वेटर विणले, मुलांनी संरक्षण निधीसाठी घरोघर डबे फिरवले. १९६५ साली लालबहादुर शास्त्रींच्या शब्दाखातर कित्येक घरांत सोमवारी रात्री चूल पेटली नाही आणि पोरेही उपाशी निजली. त्या मुलींना लोकर कोणी दिली, टाके कोणी मोजले, स्वेटर कोठे पोचले, याची लेखी नोंद मी पुष्कळ शोधली आणि मला ती फारच थोडी सापडली. ती मुले आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. ज्या वाचकाच्या घरी असे कोणी असेल त्याने हे पुस्तक वाचून होताच त्यांच्याजवळ बसावे, त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. साल आठवत नसेल तर इयत्ता लिहावी, आणि शाळेचे व गावाचे नाव मात्र न विसरता लिहावे.